ललिताबाईंची मंथरा

चिनहट हे लखनऊहून फैजाबादकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर आहे. तोच रस्ता पुढे अयोध्येस पोहोचतो. अशा मुलखात मंथरेचा विषय निघाला की मराठी बिऱ्हाडकरूस एक स्तुती हटकून ऐकावी लागते : तुमच्या ललिता पवारांना अभिनय करावाच लागला नसेल, तो डोळाच पुरे! ही स्तुती आम्हांस मान्य नाही.

येवल्यात 1916 साली जन्मलेल्या ललिताबाई पूर्वी नायिका होत्या. 1942 साली ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात भगवान यांची थप्पड चुकून वर्मी बसली; चेहऱ्यास अर्धांगाचा विकार जडला व डावा डोळा कायमचा अधू झाला. पुढे सासू, सावत्र आई, कजाग विधवा याच भूमिका त्यांच्या वाट्यास आल्या. अपघाताच्या खुणेस दुष्टपणाची खूण मानण्याचा हा अन्याय निर्मात्यांनी केला, आणि प्रेक्षक म्हणून आपणही केला.

मंथरा त्यांनी दोनदा रंगविली : 1961 साली ‘संपूर्ण रामायण’ या चित्रपटात, आणि 1987 पासून दूरदर्शनच्या ‘रामायण’ मालिकेत. तुलसीदासांच्या कथेत देवांच्या विनवणीवरून सरस्वती मंथरेची बुद्धी फिरवते. त्यामुळे अवधात तिला थोडीफार क्षमा आहे. ललिताबाईंच्या मंथरेस देवीची गरज भासत नाही. कैकेयीखेरीज जगात जिचे कोणी नाही अशा माहेरच्या दासीची भीती तिच्या बोलण्यात आहे, आणि या भीतीपोटीच ती विष ओतते. ही मंथरा वाल्मीकीस अधिक जवळची. हे काम डोळ्याचे नव्हे, वाणीचे.

शंका असेल त्याने ‘अनाडी’ (1959) पाहावा. तोच डोळा, तोच करडा आवाज. पण मिसेस डिसा भाडेकरूवर खेकसते तेव्हा तिची माया लपत नाही. या भूमिकेस फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. ‘आनंद’मधील (1971) मेट्रन डिसाही त्याच कुळातली. सासवांच्या गर्दीत ललिताबाईंनी स्वतःचीच नक्कल अनेकदा केली, हेही नमूद केले पाहिजे. पण डिसाबाई त्यांना आणखी चारदोन मिळत्या तर!

आमच्या शेजारच्या वृद्ध पंडितजींना, ज्यांना अयोध्याकांड मुखोद्गत आहे, आम्ही ‘अनाडी’ दाखविला. मिसेस डिसा मरते तेथे त्यांनी उपरण्याने डोळे टिपले. ही आपली मंथराच, असे सांगितल्यावर ते बराच वेळ आमच्याशी बोलले नाहीत.