पक्षी स्पष्ट, पत्ता पुसट

तुमच्या फोनमध्ये नीलपंखाचा फोटो असेल तर आता उघडून बघा. फांदीवर बसलेला पक्षी, डोळ्यात प्रकाशाचा बारीक ठिपका, मागे गुळगुळीत हिरवट-पिवळा रंग. आता तो कुठे काढलाय ते फक्त फोटो बघून सांगा. माबेला की बारामती? नीलपंख दोन्हीकडे दिसतो, त्यामुळे त्याची साक्ष काढून उपयोग नाही.

आमच्या इथल्या मराठी मंडळींच्या छोट्याशा दिवाळी अंकासाठी आलेले फोटो निवडायचं काम यंदा माझ्याकडे आलं. मस्कतच्या बाजूला शरद ऋतू पानगळीनं कळत नाही. पहाटे घराबाहेर पाऊल टाकल्यावर चष्म्यावर वाफ धरली नाही, की समजायचं आला. मग बागांच्या हिरवळीवर धोबी पक्षी शेपट्या हलवत फिरू लागतात आणि आमच्यातले निम्मे लोक मोठ्या लेन्स बाहेर काढतात. मीही त्यातलीच.

आलेले फोटो वाईट नव्हते. पिसन् पीस मोजता येत होतं. पण दहा-बारा बघून झाल्यावर वाटू लागलं, की हे सगळे एकाच खोलीत, एकाच पडद्यापुढे काढलेत. नीलपंखाच्या फोटोचंच घ्या. तो बसला होता घाफच्या झाडावर. घाफ म्हणजे आपली शमी. वनस्पतिशास्त्रात दोघींचं नाव एकच, प्रोसोपिस सिनेरारिया. दसऱ्याच्या आठवड्यात, ओमानच्या कोरड्या वादीत, शमीवर बसलेला नीलपंख! एवढं सगळं समोर उभं असताना आमच्या मित्रानं अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून झाड पुसून टाकलं. विचारलं तर म्हणाला, "मागे फार गर्दी होती."

माझा गुन्हा याहून मोठा आहे. हिवाळ्याच्या तोंडावर मस्कतबाहेरच्या कचरा डेपोवर स्टेपी गरुड शेकड्यांनी उतरतात, थेट कझाकस्तान-रशियाच्या गवताळ प्रदेशांतून. सोबत पांढरी गिधाडं असतात. दोन्ही पक्षी जगभरात संकटग्रस्त, आणि इथे ते आपण टाकलेल्या अन्नावर थंडी काढतात. मी गरुडाचा फोटो काढला, घरी येऊन त्याच्या पायाजवळची निळी प्लास्टिकची पिशवी कापून टाकली आणि पुण्याला आईबाबांना पाठवला. "काय राजबिंडा आहे गं!" असं उत्तर आलं. अन्सबच्या तळ्यांचंही तेच. तिथल्या रोहित पक्ष्यांचे फोटो आपण सगळेच मिरवतो, पण ती तळी शुद्ध केलेल्या सांडपाण्याची आहेत हे फोटोत कुठेच नसतं. माझ्या मते तीच त्यातली सर्वांत चांगली बातमी आहे.

कुणी म्हणेल, पक्षी उठून दिसायला मागचं धूसर हवंच. ओळखीच्या पुस्तकासाठी हवं, मान्य. पण दिवाळी अंक वाचणाऱ्याला पक्ष्याची जात नको असते, आपण कुठे राहतो ते बघायचं असतं.

आणि एक मोजदाद. चाळीसेक फोटोंत कावळा एकही नाही, साळुंकी एकही नाही. माबेल्यात सकाळी आधी दिसतात ते हेच दोघे. दोघेही मूळचे आपल्याकडचे. कावळा तर जहाजांवरून आखाती बंदरांत पसरला. स्थानिक पक्ष्यांची अंडी, शेतातलं पीक यांचं नुकसान होतं म्हणून ओमाननं अलीकडे या दोघांविरुद्ध मोहीम उघडली आहे, पिंजरे आणि एअरगन वापरून. मोहीम चूक आहे असं मी म्हणत नाही. माझं स्वतःचं काम पर्यावरणाशी जोडलेलं आहे, उपद्रवी जाती काय करतात ते मला ठाऊक आहे. पण भारतातून येऊन इथे घर केलेल्या आम्हा लोकांना भारतातून येऊन इथे घर केलेले पक्षी तेवढे चौकटीत नको असतात, हे मला जरा खुपलं. मारुती चितमपल्लींनी कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार' असा देखणा शब्द वापरात आणला. आपल्या भाषेत त्याला जागा आहे, अल्बममध्ये नाही.

शेवटी मी मुख्य पानासाठी निवडला तो आठवीतल्या एका मुलानं शाळेची बस यायच्या आधी फोनवर काढलेला फोटो. करक चहाच्या दुकानाबाहेर उभ्या मोटारसायकलच्या सीटवर साळुंकी, चोचीत पराठ्याचा तुकडा. मागे अरबी पाटी, पाण्याच्या टाक्या, आणि त्यांच्याही मागे हजरचे करडे डोंगर. एक ज्येष्ठ काका बराच वेळ बघून म्हणाले, "पक्षी हललाय गं."

हललाय खरा.