एका गुहेची बखर

आमचे एक स्नेही संगणकाचे मोठे नादी आहेत. एखाद्या जुन्या यंत्राचें नांव निघालें कीं त्याची स्मृति किती किलोबाइटांची होती, त्याच्या पडद्यावर किती ओळी मावत, हें ते पंचांग वाचावें तसें घडाघडा सांगतात. अशा माणसाला इंग्रजींत 'गीक' म्हणतात. हा शब्द एके काळीं हेटाळणीचा होता. आतां ज्याचा त्यानें तो पदवीसारखा मिरवावा असे दिवस आले आहेत. संगणकावरील खेळांविषयीं ह्या स्नेह्यांचीं मतें आम्हीं पुष्कळदां ऐकलीं आहेत. तीं चहाच्या पेल्याबरोबर सहज दिलेलीं असतात, आणि म्हणूनच तीं तपासून पाहण्यासारखीं आहेत; कारण विचारपूर्वक मांडलेल्या मतांत माणूस सावध असतो, सहज बोललेल्या मतांत तो उघडा पडतो.

त्यांचें पहिलें मत असें कीं, जुने खेळ शब्दांचे होते म्हणून त्यांत कल्पनेला वाव होता. पुढें चित्रांचा सुकाळ झाला आणि कल्पना मेली. दुसरें मत असें कीं, ह्या खेळांचा इतिहास म्हणजे यंत्रांचा इतिहास. यंत्र वाढलें तसा खेळ वाढला. तिसरें मत ते थोडा आवाज चढवून सांगतात : जो त्या काळीं त्या यंत्रापुढें बसला नाहीं त्याला त्या खेळावर बोलण्याचा अधिकारच नाहीं. ह्या तिन्ही मतांच्या पुष्ट्यर्थ ते दर वेळीं एकाच कृतीचा दाखला देतात. ती कृति म्हणजे 'कोलोसल केव्ह ॲडव्हेंचर'. तेव्हां ह्या मतांचा निकाल त्याच कृतीच्या आधारें लावणें न्याय्य होईल असें समजून आम्हीं ती अथपासून इतिपर्यंत पाहिली.

कृतीचें स्वरूप असें आहे. पडद्यावर चित्र नाहीं, आवाज नाहीं. आपण एका रस्त्याच्या टोकाशीं, विटांच्या एका लहान इमारतीपुढें उभे आहों, एवढें यंत्र शब्दांनीं सांगतें आणि थांबतें. पुढें काय करावयाचें तें आपण एकदोन इंग्रजी शब्द टंकून कळवावयाचें : आंत जा, दिवा घे, खालीं उतर. ओढ्याच्या कडेनें दक्षिणेस चाललें कीं जमिनींत बसविलेली लोखंडी जाळी लागते. ती उघडली कीं गुहेंत प्रवेश होतो. गुहेंत खजिने आहेत, सुऱ्या फेकणारे खुजे आहेत, चांचा आहे, पुलाशीं बसून जकात मागणारा राक्षस आहे, आणि उच्चारतांच माणसाला एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं नेणारा मंत्रही आहे. खजिने वर आणून त्या इमारतींत ठेवावे म्हणजे गुण मिळतात. पूर्ण गुण ३५०.

एवढ्यावरून ही मुलांची परीकथा वाटेल. पण तिचा पाया खऱ्या खडकांत आहे. तिचे मूळ कर्ते विल्यम क्राउदर हे अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील एका नामांकित कंपनींत आज्ञावलीकार होते. इंटरनेटचें पूर्वरूप जें अर्पानेट, त्याच्या उभारणींत त्यांचा हात होता. फावल्या वेळीं ते आणि त्यांच्या पत्नी पॅट्रिशिया केंटकींतील गुहा धुंडाळीत, आणि मोजणीचे आंकडे संगणकांत घालून नकाशे काढीत. सप्टेंबर १९७२ मध्यें फ्लिंट रिज व मॅमथ ह्या दोन गुहासमूहांना जोडणारी वाट ज्या तुकडीला सांपडली तींत पॅट्रिशिया होत्या. आज हा जोडलेला गुहासमूह जगांतील सर्वांत लांब म्हणून ठाऊक असून त्याची मोजलेली लांबी ४०० मैलांहून अधिक आहे. पुढें पतिपत्नी विभक्त झालीं. क्राउदर यांचें गुहांत जाणें सुटलें, आणि मुलींशीं दुरावा वाटूं लागला. तेव्हां, १९७५-७६ च्या सुमारास, मुलींना खेळावयास होईल म्हणून त्यांनीं आपल्या ओळखीची बेडक्विल्ट ही त्याच समूहांतील गुहा शब्दांत उभी केली. स्टॅनफर्ड येथील डॉन वुड्स ह्या तरुणाच्या हातीं ती आज्ञावली आली; त्यांनीं क्राउदर यांची परवानगी मिळवून १९७७ सालीं ती वाढविली. आज लोकांना परिचित आहे तें रूप हें होय.

कर्त्याचें दुःख हा कांहीं कृतीचा गुण नव्हे. त्या दुःखाचें कृतींत काय झालें, हाच टीकाकाराचा प्रश्न. आज्ञावलींत पत्नीचा, मुलींचा, वियोगाचा एक शब्दही नाहीं. आहे तें स्थलवर्णन. गोट्यांवरून सरपटत जावें लागणारी बसकी वाट, उतरतीची दिशा, फांटा कोठें फुटतो, हें सारें मोजणीदाराच्या वहींतल्यासारखें, अंगास अंग लावून लिहिलेलें आहे. आपल्याकडील 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' यांच्या काळच्या अद्भुत कादंबऱ्यांत विशेषणांची जी रेलचेल असे तिचा येथें मागमूस नाहीं. ज्या जागेंत पुन्हां जावयाचें नाहीं ती जागा माणूस अशीच आठवतो. तिच्याविषयीं उद्गार काढीत नाहीं, तिची वाट बिनचूक सांगतो. ह्या कृतींतील करुण रस, असलाच तर, ह्या बिनचूकपणांत आहे.

दुसरा गुण तिच्या कोड्यांत आहे. एका दालनांत एक पक्षी असतो. पिंजरा जवळ असूनही तो धरतां येत नाहीं, कारण वाटेंत उचललेली एक काळी काठी आपल्या हातांत असते आणि तिला तो भितो. काठी खालीं ठेवली कीं पक्षी हातीं येतो. पुढें वाट अडवून बसलेल्या क्रूर सापापुढें हाच एवढासा पक्षी सोडला कीं साप पळून जातो. साखळीनें बांधलेल्या अस्वलाचें तसेंच. त्याला खाऊं घातलें तर तें पाठोपाठ येतें, आणि पुलावरच्या राक्षसाला तेंच हुसकून लावतें. कादंबरींत नायकाची चूक आपण लांबून पाहतों. येथें चूक आपली असते, आणि ती सुधारणाराही आपणच असतों. तात्पर्य सांगितलें जात नाहीं, तें आपल्या हातून घडतें. विनोदही ह्याच जातीचा आहे. नुसत्या हातांनीं अजगरासारख्या अग्निसर्पाला मारावयास निघालें तर यंत्र कुत्सितपणें विचारतें कीं, हातांनींच काय? आपण ओशाळून माघार घेतों. ज्यानें शांतपणें 'होय' म्हटलें त्याच्या हातून तो खरोखरच मरतो!

पण दोषही सांगितलेच पाहिजेत. एकसारख्या वाटांचे चक्रव्यूह केवळ सहनशीलतेची परीक्षा पाहतात. गुणांच्या हिशेबामुळें गुहा पाहण्याऐवजीं ती रिकामी करण्याकडे मन लागतें. शेवटचा एक गुण तर अशा एका ठिकाणीं एक मासिक ठेवण्यानें मिळतो कीं ज्याचें कारण कृतींत कोठेंही सांपडत नाहीं. तें कोडें नव्हे, लहर आहे. क्राउदर यांचा संयम आणि वुड्स यांचा खेळकरपणा ह्यांचा सांधा कांहीं ठिकाणीं उघडा दिसतो. इतकें असूनही ही कृति पुन्हां पाहावीशी वाटते, हें आम्ही मोकळ्या मनानें कबूल करतों.

आतां स्नेह्यांच्या मतांकडे वळूं. शब्द होते म्हणून कल्पना होती, हें पहिलें मत आम्हांस मान्य नाहीं. ह्या कृतीनंतर शब्दांतच रचलेले असे कितीक खेळ निघाले कीं जे आज कोणाच्यानें वाचवणार नाहींत. उलट १९८० सालीं वॉरेन रॉबिनेट यांनीं हीच कल्पना घेऊन अटारीच्या यंत्रासाठीं अवघ्या चार किलोबाइटांत चित्ररूप खेळ रचला. त्याचा नायक म्हणजे एक साधा चौकोन. पण अंधाऱ्या भुलभुलैयांत त्या चौकोनासाठीं जीव खालींवर होतो. त्याच वर्षीं रोबर्टा विल्यम्स यांनीं, मूळ 'ॲडव्हेंचर'नें झपाटून जाऊन, रेघांच्या चित्रांचा 'मिस्टरी हाउस' काढला. आणि २०२३ सालीं त्यांनीं व त्यांच्या पतींनीं ती मूळ गुहाच त्रिमिति चित्रांत पुन्हां उभी केली. तेव्हां भेद शब्द आणि चित्र असा नाहीं. कर्त्यानें खेळणाऱ्यासाठीं कांहीं शिल्लक ठेवलें आहे कीं सारें स्वतःच पुरें करून टाकलें आहे, हा खरा भेद आहे.

दुसऱ्या मतांत अर्धें सत्य आहे. मूळ यंत्र, पीडीपी-१०, आपल्या एका शब्दघटकांत पांच अक्षरें ठेवी; म्हणून ही कृति खेळणाऱ्याच्या प्रत्येक शब्दाचीं पहिलीं पांच अक्षरेंच वाचते. यंत्राचें बंधन कृतीच्या अंगीं असें मुरतें. परंतु बंधन म्हणजे कृति नव्हे. ओवी सर्वांना मोकळी होती, ज्ञानेश्वरी एकानेंच लिहिली. पीडीपी-१० ही यंत्रें पुष्कळ ठिकाणीं होतीं, गुहा एकाच्याच मनांत होती. यंत्रांचा इतिहास लिहिला कीं माणूस कसा गळतो ह्याचें उदाहरण वर सांगितलेले रॉबिनेटच आहेत. त्यांच्या कंपनींत खेळावर कर्त्याचें नांव घालण्याची रीत नव्हती. तेव्हां त्यांनीं आपलें नांव खेळांतल्याच एका गुप्त खोलींत लपवून ठेविलें. कलावंताला स्वतःची सही अशी चोरून करावी लागली, ही गोष्ट किलोबाइटांच्या कोष्टकांत कोठें बसणार?

तिसरें मत सर्वांत महत्त्वाचें, कारण त्यांत इतिहासाचा प्रश्न आहे. जुन्या खेळाडूंत अनेक वर्षें असा समज रूढ होता कीं, क्राउदर यांची मूळ आज्ञावली म्हणजे गुहेची कोरडी प्रतिकृति होती, आणि अद्भुत सारें वुड्स यांनीं मागाहून घातलें. हें सांगणारे त्या काळीं त्या यंत्रांपुढें बसलेलेच लोक होते. मूळ संहिता मात्र हरवलेली होती. २००५ सालीं ती वुड्स यांच्या विद्यार्थिदशेंतील संगणक-खात्याच्या, स्टॅनफर्ड येथें जपून ठेवलेल्या प्रतींत सांपडली. डेनिस जर्झ ह्या अमेरिकन प्राध्यापकांनीं ती बारकाईनें वाचली, केंटकींतील खऱ्या गुहेंत उतरून वर्णनें ताडून पाहिलीं, आणि २००७ सालीं आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यावरून दिसून आलें कीं मंत्र, खुजे, पक्षी आणि साप हीं सारीं क्राउदर यांच्या मूळ संहितेंतच होतीं. मोजणीदार आणि गोष्ट सांगणारा बाप, हे दोघे एकच होते! ज्यांनीं प्रत्यक्ष खेळ खेळला त्यांची साक्ष चुकली; ज्यानें कागद वाचला त्याची खरी ठरली.

महाराष्ट्राला हा धडा नवीन नाहीं. १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' ह्यांचा पहिला खंड काढतांना राजवाडे यांनीं बखरींच्या विश्वसनीयतेवर जो कठोर प्रहार केला तो ह्याच कारणासाठीं. बखर टाकाऊ नसते. तिच्यांत जिव्हाळा असतो, त्या काळची भाषा असते, आणि कोणाला काय थोर वाटलें हें कळतें. पण जिव्हाळा हा पुरावा नव्हे. आमच्या स्नेह्यांचें सारें संभाषण अशी एक रसाळ बखर आहे. ती ऐकण्यांत आम्हांस आनंदच वाटतो. मात्र बखरकारानें इतरांना बोलण्याची बंदी करूं नये. जी कृति तिच्या काळच्या लोकांवांचून कोणाला समजणारच नाहीं ती त्यांच्याबरोबरच मरावयाची. आणि 'ॲडव्हेंचर' मेलेली नाहीं हें आमच्यासारख्या उशिरा आलेल्याला ती समजली ह्यावरूनच सिद्ध होतें.

दुर्दैवानें बाकीच्या कृतींचें भाग्य असें नाहीं. २०२३ सालीं 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन' ह्या संस्थेनें केलेल्या पाहणींत, २०१० पूर्वीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या जुन्या खेळांपैकीं शेंकडा ८७ विक्रीस उपलब्ध नाहींत असें आढळून आलें. 'ॲडव्हेंचर' वांचली, कारण ती हातोहात नकलून घेण्यास मोकळी होती, आणि एका विद्यापीठानें जुन्या प्रती फेंकून दिल्या नाहींत. जेथें हीं दोन्ही कारणें नाहींत तेथें उरते ती आठवण, आणि आठवण कशी चुकते तें वर पाहिलेंच आहे.

आमच्या स्नेह्यांच्या कपाटांत जुन्या फ्लॉपी तबकड्यांची एक चळत आहे. त्यांतील एक खेळ त्यांनीं कॉलेजांत असतांना स्वतः रचलेला आहे, असें ते एकदां ओझरतें बोलले आणि लगेच विषय बदलून दुसऱ्या कुठल्या तरी यंत्राच्या वेगाकडे वळले. त्या तबकड्या चुंबकीय आहेत. त्यांवरील अक्षरें वर्षागणिक पुसट होत जातात. त्यांची आज नक्कल करून ठेविली तर त्या खेळाविषयीं बरेंवाईट बोलण्याचा अधिकार पुढच्या माणसाला राहील. न केली तर त्याची बखर तेवढी उरेल, आणि तीही बखरकार आहे तोंवरच. त्या खेळाचें परीक्षण लिहिण्यास आम्ही तयार आहों, दोष दिसले तर दोषांसह. पण त्याआधीं त्यांनीं तें कपाट उघडलें पाहिजे.