उसनवारी आणि स्फूर्ति

जुन्या छायाचित्रांची आणि जुन्या गाण्यांची ओढ हल्लीं कलावंतांत फार वाढली आहे. पिवळट पडलेला कागद, तबकडीवरील सुईची खरखर, साठ वर्षांपूर्वींचा एकादा कोट, यांपैकीं कांहीं हातीं आलें कीं आपल्या कृतीला आपोआप खोली येते, अशी पुष्कळांची समजूत झालेली दिसते. ही समजूत आम्हांस मान्य नाहीं. जुन्यापासून स्फूर्ति मिळते हें खरें; परंतु स्फूर्ति कोठें संपते आणि उसनवारी कोठें सुरू होते, याचा विचार एकाद्या ठळक उदाहरणाच्या आधारें करणें बरें. तसें उदाहरण आफ्रिकेंतील माली देशाच्या राजधानींत, बामाको शहरांत, आम्हांस सांपडतें.

माली देश १९६० सालीं फ्रेंच सत्तेपासून मुक्त झाला. त्या सुमारास बामाकोंतील तरुणांनीं आपापलीं मंडळें स्थापन केलीं होतीं, आणि शनिवारीं रात्रीं तबकड्या लावून त्यांचे नाच चालत. मालिक सिदिबे हे छायाचित्रकार एकाच रात्रीं अशा अनेक समारंभांना हजर राहत. परत येऊन ते फिल्म धूत, लहान लहान छाप काढून पुठ्ठ्यांवर चिकटवीत आणि आपल्या स्टुडिओपाशीं मांडून ठेवीत. मग तरुण मंडळी येऊन त्यांत आपले चेहरे शोधीत व प्रती मागवीत. आज जगांतील मोठमोठ्या संग्रहालयांत टांगलेलीं हीं चित्रें अशा रीतीनें मुळांत नाचणाऱ्यांसाठींच काढलेलीं होतीं. व्हेनिसच्या बिएनालेनें २००७ सालीं सिदिबे यांस आजीव कार्याबद्दल सुवर्णसिंह अर्पण केला. हा मान मिळविणारे ते पहिलेच छायाचित्रकार होत. २०१६ सालीं ते निवर्तले.

त्यांचें १९६३ सालचें नाताळच्या रात्रीचें चित्र सर्वांत प्रसिद्ध आहे. सूट घातलेला तरुण आणि अनवाणी तरुणी मोकळ्या अंगणांत नाचत आहेत. दोघांचीं मस्तकें जवळजवळ टेकलेलीं, दृष्टि खालीं पावलांकडे लागलेली. गाणें चित्रांत ऐकूं येत नाहीं. तरी त्याची लय त्या वाकलेल्या मानांवरून कळते. १९६५ च्या दुसऱ्या एका चित्रांत दोन मुलींनीं जेम्स ब्राउन या अमेरिकन गायकाच्या तबकडीचें वेष्टन आपल्या दोघींच्या मध्यें धरलें आहे. दागिना मिरवावा तशी ती तबकडी मिरविली जात आहे.

यावर कोणी म्हणेल, हें तर परक्यांचें अनुकरणच झालें. बामाकोंतील वडीलधारी मंडळी असेंच म्हणत. मोदिबो केइता यांच्या समाजवादी सरकारलाही हे पोशाख आणि हे नाच म्हणजे परकीय सत्तेनें मागें ठेवलेली मनोवृत्तिच वाटे. आक्षेप अगदींच पोकळ नव्हता. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या राष्ट्राला आपलें काय आणि परकें काय हा प्रश्न पडणारच. परंतु त्या तबकडींत काय होतें, हें पाहिल्यावांचून निकाल देतां येत नाहीं.

सोल संगीत अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांच्या प्रार्थनामंदिरांतून निघालें. रे चार्ल्स या अंध गायकानें १९५४ सालीं एका भक्तिगीताच्या चालीवर प्रेमगीत बसविलें, तेव्हां कित्येक धर्मनिष्ठांना तो अधर्म वाटला. पण त्यानें चालीचें नुसतें कवच उचललें नव्हतें. देवाला आळवितांना जो जीव ओतावयाचा, तोच त्यानें माणसाला आळवितांना ओतला. ज्यांचे पूर्वज गुलाम म्हणून आफ्रिकेंतून नेले गेले, त्यांच्या वंशजांचा हा आवाज तबकडीवरून बामाकोस आला. तेथील तरुणांनीं त्यांत स्वतःच्या ताठ मानेची खूण ओळखली, असें आम्ही समजतों. संगीतानें तरुणांना मोकळें केलें, असें सिदिबे स्वतःही सांगत असत.

आतां या चित्रांपासून पुढील कलावंतांनीं काय घेतलें तें पाहूं. १९९७ सालीं जॅनेट जॅक्सन या गायिकेच्या एका गाण्यासाठीं मार्क रोमॅनेक यांनीं जी चित्रफीत केली, तींत बामाकोच्या छायाचित्रांतील ढब जागोजाग आढळते. तिला ग्रॅमी पारितोषिक मिळालें, आणि तें अनाठायीं नव्हतें. नाचणाऱ्या देहाचा डौल तींत खरोखर उतरला आहे. तथापि प्रसंग दक्षिण आफ्रिकेंतील वर्णभेदाच्या काळाचा कल्पिला आहे. जीं माणसें नुकतीं स्वतंत्र झालीं होतीं, त्यांची ढब अद्याप पायाखालीं असलेल्यांच्या अंगावर चढविली गेली. दोन्ही ठिकाणचीं माणसें नाचत होतीं हें खरें. पण एकाचा नाच मिळालेल्या मुक्तीचा, दुसऱ्याचा न मिळालेल्या मुक्तीसाठीं. हा भेद चित्रफितींत पुसला जातो. चित्रें सुंदर राहतात, त्यांचा पत्ता मात्र हरवतो.

याच्या उलट, २०१५ सालीं इना मोद्जा या मालींतीलच गायिकेनें तिंबक्तूवरील आपलें गाणें सिदिबे यांच्या स्टुडिओंत चित्रित केलें. २०१२ सालीं उत्तर माली सशस्त्र धर्मांधांच्या हातीं गेला असतां तेथें संगीतावरच बंदी घालण्यांत आली होती; त्या दुःखाचें हें गाणें. ज्या खोलींत पूर्वींच्या पिढीनें ऐटीनें उभें राहून आपली छबी काढून घेतली, तेथेंच आपलें गाणें हिरावलें गेलेल्यांची बाजू मांडली गेली. येथें जुनें चित्र सजावट राहत नाहीं, साक्षीदार होतें. दोन्हींत हीच कृति आम्ही श्रेष्ठ मानतों.

स्फूर्तीची कसोटी आमच्या मतें हीच. जुन्या चित्राला 'तूं कसें दिसत होतेंस?' एवढेंच विचारणारा कलावंत त्याचा रंग घेऊन जातो. 'तुझ्यांतल्या माणसांना तेव्हां काय हवें होतें?' असें जो विचारतो, त्याला स्वतःच्या काळाविषयीं बोलण्याचें बळ मिळतें. रे चार्ल्सनें भक्तिगीताला हाच प्रश्न विचारला; बामाकोच्या मुलींनीं तबकडीला विचारला. आमच्या तरुण कलावंतांनींही घरांतील जुने संग्रह उघडतांना तो विचारावा, एवढीच आमची सूचना आहे.