वृत्तवाचकाचे स्वातंत्र्य : ‘नेटन्यूजवायर’च्या निमित्ताने

निरनिराळ्या संकेतस्थळांवरील वृत्ते व लेख एकत्र आणून देणाऱ्या मुक्तस्रोत साधनांची प्रशंसा करताना एक गोष्ट सहसा गृहीत धरली जाते. आज्ञावलीचा मूळ मजकूर सर्वांस खुला झाला की वाचकही स्वतंत्र झाला, अशी ती समजूत आहे. ती कितपत टिकते, हे ‘नेटन्यूजवायर’ या साधनाच्या आधारे येथे तपासावयाचे आहे.

संकेतस्थळे आपल्या नव्या मजकुराची सूची आरएसएस किंवा ॲटम या ठरलेल्या स्वरूपात प्रसिद्ध करतात. तिलाच फीड म्हणतात. ‘नेटन्यूजवायर’ अशा सूची वेळोवेळी आणून वाचकापुढे कालक्रमाने मांडते. एका बाजूस फीडची यादी, मध्ये शीर्षके आणि पलीकडे लेख, एवढीच मांडणी. आधी काय वाचावे हे अन्य कोणी ठरवीत नाही, हा या कृतीचा पहिला व निर्विवाद गुण होय.

तिचा इतिहासही बोधप्रद आहे. ब्रेंट सिमन्स यांनी हे साधन २००२ मध्ये प्रथम प्रसिद्ध केले. २००५ मध्ये ते न्यूजगेटर व २०११ मध्ये ब्लॅक पिक्सेल या कंपनीकडे गेले. २०१८ मध्ये त्याचे नाव मूळ कर्त्याकडे परतले आणि २०१९ मध्ये पाचवी आवृत्ती मुक्तस्रोत स्वरूपात निघाली. पुन्हा मालक बदलला तरी ही संहिता आता कोणास कुलूपबंद करता येणार नाही, ही जमेची बाजू मान्य केलीच पाहिजे.

तथापि १ जुलै २०१३ रोजी बंद झालेल्या ‘गूगल रीडर’चे उदाहरण वेगळे काही सांगते. त्याची संहिता खुली नव्हती. तरीही वाचकांना आपली वर्गणीची वही, म्हणजे फीडची यादी, ओपीएमएल या स्वरूपात बरोबर नेता आली. शिवाय ‘फ्रेशआरएसएस’ हे स्वतःच्या सर्व्हरवर चालविता येणारे मुक्तस्रोत साधन आजही गूगल रीडरच्याच पद्धतीने इतर साधनांशी बोलते, व ‘नेटन्यूजवायर’ही त्यास जोडता येते. सेवा गेली, संकेत मात्र उरला. वाचकास तारले ते प्रामुख्याने या सामाईक संकेतांनी.

उलटपक्षी, ‘नेटन्यूजवायर’ केवळ ॲपलच्या यंत्रांवर चालते. संहिता सर्वांची, पण उपयोग ते यंत्र बाळगणाऱ्यांचाच. ‘फ्रेशआरएसएस’ कोणत्याही ब्राउझरमध्ये उघडते. परंतु सर्व्हर सांभाळण्याचे कष्ट कोणीतरी उचलावे लागतात. आणि प्रकाशकाने फीडमध्ये केवळ सारांश दिला, किंवा फीडच बंद केली, तर कोणताही परवाना त्यावर उपाय करू शकत नाही.

म्हणून या साधनांचे मूल्यमापन करताना परवान्यापाशी थांबणे पुरेसे नाही. वाचकाची यादी त्याला सहज बाहेर नेता येते काय, ते साधन कोणास वापरता येते, आणि प्रकाशक अद्याप दार उघडे ठेवतो काय, हे तीन प्रश्न विचारले पाहिजेत. ‘नेटन्यूजवायर’ पहिल्या कसोटीस पूर्णतः उतरते, दुसरीत उणे पडते. तिसरी कसोटी त्याच्या हातची नाही. तेथे फीड मागत राहणारा वाचक हाच आधार आहे.