रुळांवरच्या पोळ्या

8 मे 2020. लॉकडाऊनमुळे काम थांबलेले 20 मजूर जालन्याहून पायी निघाले होते. भुसावळला रेल्वे मिळेल आणि मध्य प्रदेशातले गाव गाठता येईल, ही आशा. छत्रपती संभाजीनगर, तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ थकलेली माणसे रुळांवरच निजली आणि पहाटे मालगाडीखाली 16 जण गेले. त्या सकाळच्या वृत्तछायाचित्रांतली एक चौकट आजही मनातून जात नाही: खडीवर विखुरलेल्या पोळ्या.

या चौकटीत माणूस नाही. रुळांच्या सरळ रेषा नजरेला पुढे, गावाच्या दिशेने ओढतात आणि पोळ्यांच्या गोलांपाशी नजर अडते. पोळी म्हणजे वाटेतले पुढचे जेवण. त्यामुळे हे चित्र झालेल्या मृत्यूइतकेच राहून गेलेल्या घासाबद्दल बोलते. देह बाहेर ठेवून छायाचित्रकाराने मृतांचा मान राखला, आणि दुःख उणे होऊ दिले नाही.

हे चित्र जुन्या कॅमेऱ्याने कसे उतरले असते? वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांनी स्वातंत्र्याच्या काळातला भारत स्पीड ग्राफिक आणि रोलीफ्लेक्स या कॅमेऱ्यांनी टिपला. रोलीफ्लेक्सच्या रोलवर बाराच चित्रे मावत. छातीशी धरलेल्या कॅमेऱ्याच्या काचेत मान खाली घालून पाहावे लागे, आणि पूरक भिंगाशिवाय तो साधारण मीटरभराच्या आत फोकस होत नसे. म्हणजे बटण दाबण्याआधी अंतर आणि चौकट ठरवणे भागच होते. पण कृष्णधवल फिल्मवर पोळीचा गव्हाळ रंग करड्या छटांत हरवला असता. दगडांत पडलेले ते अन्न आहे, हे नजरेला क्षणभर उशिरा कळले असते. इथे रंगच अर्थ सांगतो. शिवाय फिल्म धुवून, प्रिंट काढून ती धाडण्यात वेळ गेला असता. डिजिटल कॅमेऱ्यामुळे देशाने त्या पोळ्या त्याच दिवशी पाहिल्या आणि पायी निघालेल्या लाखोंचे हाल नजरेआड करणे अवघड झाले.

म्हणून बातमीसाठी मी निःशंकपणे आधुनिक कॅमेरा निवडेन. त्याचा वेग आणि रंग ही वाचकाप्रती जबाबदारी आहे. मात्र वेगाच्या जोरावर शेकडो चित्रे घेता येतात. त्यांतले कोणते दाखवायचे आणि कोणते दाखवायचे नाही, हे यंत्र ठरवत नाही. करमाडच्या या चित्राचे मोठेपण त्या निवडीत आहे. नव्या छायाचित्रकाराला कॅमेरा देण्याआधी हे चित्र पाहायला द्यावे: काय वगळले आहे, ते त्याने आधी मोजावे.