गिटार तीच, गाणे वेगळे

नववीच्या वर्गात इक्बाल शिकवत होतो. मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, हे रॉकमध्ये गायलंय ना?" शेजारच्याने लगेच दुरुस्ती केली, "रॉक नाही, पॉप." तास संपला, वाद मात्र राहिला, आणि खरे सांगायचे तर मलाही चटकन उत्तर देता आले नाही.

रूढ उत्तर सोपे आहे. रॉकमध्ये इलेक्ट्रिक गिटार, बेस आणि ड्रम, तर पॉपमध्ये कीबोर्ड आणि गुळगुळीत चाल. रॉक बंडखोर, पॉप बाजारू. पाश्चात्त्य समीक्षेत १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात ही वाटणी पक्की झाली आणि तिच्यात रॉकचा खानदानी तोराही आला. तरन्नुममध्ये कलाम वाचणाऱ्या शायराकडे आपले तहतवाले ज्या नजरेने बघतात, तीच ही नजर.

ही वाटणी पाकिस्तानातल्या दोन बँडवर तपासून पाहावी असे मला वाटते, कारण दोन्हींची भाषा आपल्या ओळखीची आहे आणि सलमान अहमद हा गिटारवादक दोन्हींत होता. व्हायटल साइन्सच्या १९८९च्या पहिल्या अल्बममध्ये तो वाजवतो. पुढे त्याने 'जुनून' काढला.

व्हायटल साइन्स पॉप, जुनून रॉक, इथवर मतभेद नाही. पण कारणे रूढ उत्तरातली घेतली की गाडी अडते. बाजाराचे म्हणाल, तर व्हायटल साइन्सच्या मागे पेप्सी होती आणि १९९६च्या क्रिकेट विश्वचषकासाठीचे जुनूनचे गाणे कोका-कोलाचे होते. बंडाचे म्हणाल, तर जुनूनच्या 'एहतेसाब'च्या चित्रफितीवर पाकिस्तानच्या सरकारी टीव्हीने बंदी घातली, हे खरेच. तिच्यात महागड्या हॉटेलात जेवणारा पोलोचा घोडा होता! पण १९८७ साली, जनरल झिया यांच्या राजवटीत, जीन्स घातलेली चार पोरे उघड्या माळावर गात सरकारी टीव्हीवर दिसली, तेही काही थोडे धाडस नव्हते.

मग फरक कुठे आहे? माझ्या मते तो शब्दांना दिलेल्या वागणुकीत आहे. 'दिल दिल पाकिस्तान'ची चाल पहिल्यांदा ऐकणाऱ्या पोरालाही दुसऱ्या फेरीला म्हणता येते. जुनैद जमशेदचा आवाज कुठे ताणत नाही, वाद्ये शब्दांच्या वाटेत येत नाहीत. गाण्यामागची मेहनत लपवणे ही पॉपची कला आहे आणि ती सोपी नाही. ज्याने एकदा तरी शाळेच्या स्नेहसंमेलनात पोरांचे समूहगीत बसवले आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको.

जुनूनच्या १९९७च्या 'आझादी' अल्बममधली 'खुदी' ऐका. ही कॅसेट भाईजानने आणली तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. घरात अब्बांनी कपाळाला आठी घातली: इक्बाल आणि हा गोंगाट? अब्बांचे अगदीच चुकत नव्हते. इथे गिटार शब्दांना साथ देत नाही, त्यांच्याशी भांडते. अली अझमतचा आवाज वरच्या पट्टीत फाटतो आणि तो तसाच ठेवलेला आहे. उर्दूचा शिक्षक म्हणून माझी तक्रार आहे की या झटापटीत बहर पुष्कळदा ठोक्याखाली दबते. गझलगायकीत हे खपले नसते. पण स्वतःच्या बळावर उभे राहायला सांगणाऱ्या त्या ओळी मखमली आवाजात गायल्या असत्या, तर मला त्या खोट्या वाटल्या असत्या. शब्दाला अडथळा निर्माण करून तो पार करायला लावणे, हे रॉकचे काम इथे कवितेच्या उपयोगी पडले आहे.

हेच जुनून बुल्लेशाहकडे वळल्यावर मात्र मला कमी पटते. 'परवाज'मध्ये (१९९९) गिटार बरीच नमते आणि काही ठिकाणी तर मला सरळ पॉपच ऐकू येतो. म्हणजे बँडच्या नावावर शिक्का मारून भागत नाही, गाणे एकेक करून ऐकावे लागते.

व्हायटल साइन्सचा कीबोर्डवाला रोहेल हयात. त्याने २००८ साली 'कोक स्टुडिओ' सुरू केला. तिथे २०१०मध्ये आरिफ लोहार आणि मीशा शफी यांनी 'अलिफ अल्लाह, जुगनी' गायले. लोहारच्या हातात लोखंडी चिमटा आहे आणि गिटारची खडखड तोच करतो. गाणे मात्र लहान पोरांच्याही तोंडी बसले. पुढच्या तासाला मी हेच वर्गात लावले. मागच्या बाकावरचे दोघेही पुन्हा भांडू लागले, या वेळी बाजू बदलून.