इंटरनेट टेलिफोनीतील आवाजाच्या गुणवत्तेचे निकष आणि मराठी उच्चार : एक चिकित्सा

प्रस्तावना :
तारेतून अखंड वाहणारा आवाज आज पॅकेटांत विभागून पाठविला जातो. भारतात इंटरनेट टेलिफोनीला १ एप्रिल २००२ पासून मर्यादित स्वरूपात परवानगी मिळाली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यानंतर व्होल्टी तंत्राचा प्रसार झपाट्याने झाला आणि नांदेड, लातूरसारख्या जिल्ह्यांतील साधा मोबाईल कॉलही आयपी जाळ्यावरून जाऊ लागला. या आवाजाची गुणवत्ता ज्या निकषांनी ठरते, त्यांची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रचलित निकष :
आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ शिफारशीनुसार आवाजाला एका टोकाकडून दुसऱ्या टोकास पोहोचण्यास १५० मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागू नये. पॅकेट कमी-अधिक अंतराने येतात, यास जिटर म्हणतात. तो झाकण्यासाठी बफर वाढविला तर विलंब वाढतो. कमी केला तर उशिरा आलेली पॅकेट टाकून द्यावी लागतात. बँडविड्थ वाचविणेही वाटते तितके सोपे नाही. जी.७२९ कोडेक आवाज ८ किलोबिटमध्ये बसवितो. परंतु २० मिलिसेकंदांच्या प्रत्येक पॅकेटमध्ये २० बाइट आवाजाचे आणि ४० बाइट शीर्षकाचे असल्याने प्रत्यक्षात २४ किलोबिट खर्च होतात. म्हणजे मजकुरापेक्षा पाकीटच जड!

'ट्राय'ने २०१८ मध्ये व्होल्टीसाठी पॅकेट गळतीची मर्यादा २ टक्के ठेवली. सेकंदाला ५० पॅकेट धरली तर सरासरी दर सेकंदाला एक पॅकेट गळाले, तरी सेवा निकषात बसते.

मराठी उच्चारांच्या संदर्भात चिकित्सा :
गळालेल्या पॅकेटच्या जागी यंत्रणा आधीचाच ध्वनी किंचित लांबवून भरते. दीर्घ स्वराच्या मध्यभागी हे खपून जाते. व्यंजनाच्या स्फोटाच्या क्षणी खपत नाही, कारण तो क्षणच मुळी काही मिलिसेकंदांचा असतो. 'बासष्ट' आणि 'पासष्ट' यांत केवळ ब आणि प यांचा भेद आहे. 'ब'मधील घोषत्वाचा मोठा भाग ३०० हर्ट्झच्या खाली असतो आणि पारंपरिक दूरध्वनी ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा नेतो. व्होल्टीतील रुंद पट्टा ही उणीव बरीच भरून काढतो, परंतु गळालेले पॅकेट परत आणू शकत नाही. 'सात' आणि 'साठ' यांची कथाही अशीच.

हा प्रश्न केवळ ध्वनिशास्त्राचा नाही. समजा, लातूरच्या आडतीवरून तुरीचा भाव 'पासष्टशे' सांगितला गेला आणि शेतकऱ्याने 'बासष्टशे' ऐकला, तर दहा क्विंटलमागे त्याच्या हिशेबात ३००० रुपयांची तफावत पडते. व्यवहारातील माणूस आकडा पुन्हा विचारून घेतो हे खरे. पण मग गुणवत्ता जाळ्याने नव्हे, बोलणाऱ्याने सांभाळलेली असते.

श्रोत्यांकडून १ ते ५ गुण घेणारी पी.८०० पद्धतीची चाचणीही येथे अपुरी पडते. तीत लहान, अर्थपूर्ण वाक्ये ऐकविली जातात. वाक्यातील हरवलेला ध्वनी श्रोता संदर्भाने भरून काढतो; आकड्याला असा संदर्भ नसतो. दोन कोडेकांची तुलना करण्यास ही चाचणी उपयुक्त आहे, शब्द कळला की नाही हे ठरविण्यास नाही. इंग्रजीत त्यासाठी ९६ सयमक शब्दजोड्यांची स्वतंत्र चाचणी आहे.

समारोप :
विलंब, जिटर व गळती यांचे मापन आवश्यकच आहे. मात्र ते जाळ्याचे आरोग्य सांगते, संवादाचे नव्हे. म्हणून या मापनाला मराठी शब्दजोड्यांच्या चाचणीची जोड द्यावी. संख्यावाचके, अल्पप्राण-महाप्राण, दंत्य-मूर्धन्य, ल-ळ आणि न-ण अशा जोड्यांची यादी मराठीच्या प्राध्यापकांनी करावी; गळती कृत्रिमरीत्या वाढवून ती ऐकविण्याचे काम इलेक्ट्रॉनिक्स व संगणकशास्त्र विभागांनी करावे. याला महागडी यंत्रसामग्री लागत नाही. दोन संगणक आणि गावोगावचे श्रोते पुरेत. किनवट किंवा जळकोटच्या श्रोत्याला 'पासष्ट' हा पासष्टच ऐकू आला, तरच गुणवत्ता राखली गेली असे म्हणता येईल.